बंद व्हॅन, चालू पंखा आणि गॅस गिझर: एका बसवणीचा प्रकरण अभ्यास

तक्रार साधीच होती: पाणी कधी कढत येतं, कधी गार. कुत्र्यांना आंघोळ घालणारी फिरती व्हॅन, दिवसाला पाच-सहा कुत्री, शॉवरच्या पाण्याचा भरवसा नाही. गिझर दुरुस्त करून द्या किंवा मोठा बसवा, एवढीच मालकांची मागणी. दुपारनंतर डोकं जड होतं आणि काचांवर पाणी साचतं, हे त्यांनी बोलता बोलता शेवटी सांगितलं. खरं प्रकरण या शेवटच्या वाक्यात होतं.

व्हॅन बंद बॉडीची. मालाचा भाग ३.२ मीटर लांब, १.७५ मीटर रुंद, १.९ मीटर उंच, म्हणजे साधारण साडेदहा घनमीटर. टब, पाण्याच्या दोन टाक्या, कपाटं आणि पार्टिशन वजा केलं तर आतली मोकळी हवा ९ घनमीटरच्या आसपास उरते. छतात एक्झॉस्ट फॅन, कारण ओल्या कुत्र्याला ब्लोअर मारला की केस आणि वाफ बाहेर काढावीच लागते. बाजूच्या पत्र्यात हवेसाठी १० सेंटिमीटर व्यासाच्या दोन जाळ्या. गिझर पार्टिशनवर टांगलेला, तात्काळ पाणी तापवणारा, सुमारे १२ किलोवॉट गॅस खाणारा. धुराडं नाही. बाजूच्या पट्टीवर छापलेलं होतं की फक्त उघड्यावर वापरावा. सिलिंडर टबाशेजारच्या कपाटात, कपाटाचं दार आतल्या बाजूला उघडणारं. तिथून गिझरपर्यंत अडीच मीटर रबरी नळी, कपाटांच्या फळ्यांतल्या भोकांतून ओढलेली, दोन्ही टोकांना पट्टीचे क्लिप.

गिझर आत काय करत होता

एलपीजीच्या १ किलोवॉट-तासासाठी हिशेबाने अंदाजे १ घनमीटर हवा लागते. १२ किलोवॉटचा बर्नर तासाला १२ घनमीटर हवा खातो. दारं बंद असतील आणि हवा बदलत नसेल, तर ९ घनमीटर हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला साडेसहा मिनिटंही पुरत नाहीत. तोवर कार्बन डायऑक्साइड पावणेदोन टक्क्यांच्या आसपास गेलेला असतो, आणि डोकं जड व्हायला तेवढंही पुरेसं आहे. ऑक्सिजन उतरू लागला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही.

काचांवरच्या पाण्याचं कोडंही इथेच सुटतं. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. त्यातला १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. हा गिझर तासभर चालला तर फक्त ज्योतीतून दीड लिटर पाणी व्हॅनच्या हवेत जात होतं.

बर्नरचं झाकण काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. हवा शोषणाऱ्या फटींवर कुत्र्यांच्या केसांचा नमद्यासारखा थर बसला होता. बोटाने उचलला तर अखंड निघाला. प्राथमिक हवा अडली की ज्योत निळी राहत नाही, पिवळी होते, काजळी धरते. या गिझरच्या उष्णता-विनिमयकाच्या (ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या) पंखांमध्ये काजळी होतीच, आणि काजळीने वाट अडली की ज्वलन आणखी बिघडतं. साध्या घरातल्या गिझरला हे व्हायला कदाचित वर्षं लागतील. ब्लोअर चालणाऱ्या व्हॅनमध्ये एक हंगाम पुरतो.

मोनॉक्साइडचा अलार्म नव्हता. गॅसगळतीचा होता, पण छताजवळ लावलेला. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन जवळपास दुप्पट. गळलेला गॅस जमिनीवर पाण्यासारखा पसरतो. छताजवळचा सेन्सर वाजेपर्यंत व्हॅन गुडघ्यापर्यंत भरलेली असती, आणि हवेत २ टक्क्यांच्या थोडं वर प्रोपेन असला तरी तो पेट घेतो.

“याच गिझरला धुराडं लावलं तर?”

मालकांनी हे विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. बरेच फिटर हेच करून देतात. पण या व्हॅनमध्ये ते का चाललं नसतं, याचं उत्तर छतातल्या पंख्यात आहे.

साधं धुराडं गरम धूर हलका असतो एवढ्या जोरावर चालतं. १ मीटर उंचीचं धुराडं, आत १५० अंशांचा धूर, बाहेर २० अंशांची हवा: यातून मिळणारी ओढ साडेतीन पास्कलच्या आसपास. दुसरीकडे, दारं लावून एक्झॉस्ट फॅन सुरू केला की तो बाहेर टाकतो तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते. दोन जाळ्यांची मिळून खरी मोकळी जागा १०० चौरस सेंटिमीटर. इतक्या अरुंद वाटेने हवा ओढताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा दहा-वीस पास्कल सहज खाली जातो. साडेतीनची कुस्ती वीसशी. पंखा जिंकतो, धुराडं उलटं वाहू लागतं आणि सगळा धूर आत येतो. जाळ्या मोठ्या केल्या तरी कोणीतरी थंडीत त्यांच्यावर टॉवेल कोंबणारच, किंवा केसांनी त्या बुजणारच.

म्हणून इथे पर्याय एकच धरला: बंद ज्वलनकक्षाचा, म्हणजे रूम-सील्ड गिझर. त्याची हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो, आणि दोन्ही वाटा व्हॅनच्या हवेपासून सीलबंद. आत पंखा असो, ब्लोअर असो, केस उडोत, ज्योतीला त्याचा पत्ताच नाही. युरोपातलं ईएन १९४९ हे राहत्या वाहनांतल्या गॅसचं मानक स्वयंपाकाची उपकरणं सोडली तर असाच प्रकार मागतं. कामाची व्हॅन त्या मानकाच्या व्याख्येत बसत नसली तरी त्यातले आकडे आधाराला घेतले. जिथे व्हॅन चालणार तिथले नियम आणि गॅसचं काम करण्याचा परवाना वेगळा पाहावा लागतो, आणि ते काम परवानाधारकाचंच.

किती क्षमतेचा

मोठा गिझर हवा, ही मागणी हिशेबात टिकली नाही. शॉवरला ५ लिटर प्रतिमिनिट, टाकीतलं पाणी थंडीत १२ अंश, हवं ४० अंश. फरक २८ अंशांचा. पाण्याला द्यावी लागणारी शक्ती ९.८ किलोवॉट. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर गॅसचा भार साडेअकरा किलोवॉट, म्हणजे ताशी ०.९ किलो एलपीजी. आधीचा गिझर एवढाच होता. तो लहान नव्हता, चुकीचा होता.

विजेचा विचार एका ओळीत संपतो: १० किलोवॉट १२ व्होल्टवर म्हणजे आठशेहून अधिक अँपियर. साठवणीचा १० लिटरचा रूम-सील्ड गिझर मात्र खरोखर तपासून पाहिला. ६० अंशांचं १० लिटर पाणी १२ अंशांच्या पाण्यात मिसळून ३८ अंशांवर आणलं तर साधारण साडेअठरा लिटर मिळतं. छोट्या कुत्र्याला पुरेल. लांब केसांच्या मोठ्या कुत्र्याला दोन वेळा साबण लावून धुवायचं तर त्याच्या दुप्पट पाणी जातं, आणि दीड किलोवॉटच्या बर्नरला टाकी पुन्हा तापवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. रांगेत कुत्री असताना हे जमत नाही. शेवटी १० किलोवॉट पाणी-क्षमतेचा, पंख्याच्या मदतीने धूर काढणारा रूम-सील्ड तात्काळ गिझर ठरला. उत्पादकाच्या पुस्तिकेत वाहनात बसवायला परवानगी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे, हे खरेदीआधी वाचलं. घरासाठीचा बॅलन्स्ड फ्लू (हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा) गिझर दिसायला तसाच असतो, पण त्याची जोडणी धक्क्यांसाठी केलेली नसते.

सिलिंडरचा कप्पा

व्हॅनच्या मागच्या कोपऱ्यात पत्र्याचा स्वतंत्र कप्पा केला. आतल्या बाजूने सगळे सांधे सीलबंद, दार फक्त बाहेरून. तळ ४० बाय ३५ सेंटिमीटर. वायुवीजनाचा नियम तळाच्या २ टक्के, पण कमीत कमी १०० चौरस सेंटिमीटर. २ टक्के म्हणजे इथे फक्त २८ येतात, म्हणून १०० ची मर्यादा लागू. १२ सेंटिमीटरचं एकच भोक कागदावर ११३ भरतं, पण जाळी लावली की त्यातला एक तृतीयांश भाग जातो. त्यामुळे १० सेंटिमीटरची दोन भोकं पाडली: एकूण १५७, जाळीनंतर १०५ च्या आसपास. दोन्ही जमिनीच्या दिशेने, सायलेन्सरच्या नळीपासून लांब आणि चाकाने उडणारा चिखल बसणार नाही अशा जागी.

आणि तरीही सिलिंडर ठेवून पाहिला तेव्हा त्याच्या बुडाच्या कड्याने एक भोक जवळपास झाकलं. कड्याखाली २५ मिलिमीटरच्या तीन पट्ट्या आडव्या टाकल्यावर वाट मोकळी झाली. ही गोष्ट नकाशात कधीच दिसत नाही, सिलिंडर जागेवर ठेवूनच बघावी लागते.

११ किलोचा सिलिंडर उभाच, दोन पट्ट्यांनी बांधलेला. आडवा झाला तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि मग पुढचा दाब कोणाच्याच हातात राहत नाही. आधीच्या ५ किलोच्या सिलिंडरवर थंडीत दव आणि बर्फ धरायचं, कारण ताशी ०.९ किलो वायू देताना द्रव स्वतःच गार होतो आणि दाब पडतो. मिश्रणात ब्युटेन जास्त असेल तर आणखी लवकर, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच उकळायचं थांबतो, तर प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू देत राहतो. म्हणून मोठा सिलिंडर आणि थंडीत प्रोपेन. कप्प्यात बॅटरी, वायर, स्विच, हत्यारं यांतलं काही नाही.

रेग्युलेटर ३० मिलिबारचा, गिझरच्या पट्टीवर लिहिलेला तोच दाब, आणि धडक बसली की गॅस बंद करणारा. तो सिलिंडरच्या व्हॉल्व्हपेक्षा वर, भिंतीवर. गॅसमधला तेलकट अंश मग उतरून परत सिलिंडरकडे जातो, रेग्युलेटरच्या पडद्यावर साचत नाही.

नळी

रबरी नळी उरली ती फक्त कप्प्यात, सिलिंडर ते रेग्युलेटर, ४० सेंटिमीटर, दोन्ही टोकांना कारखान्यात दाबून बसवलेले नट. पुढे तांब्याची नळी ३ मीटर.

८ मिलिमीटरची नळी सहज मिळते आणि हाताने वाकते, म्हणून सगळे तीच टाकतात. पण ताशी ०.९ किलो गॅससाठी ३ मीटरमध्ये तिच्यात अडीच मिलिबारहून अधिक दाब खर्च होतो, वळणं आणि सांधे वेगळे. ३० मधून तेवढे गेले तर बर्नर अर्धपोटी चालतो. १० मिलिमीटरच्या नळीत हाच तोटा पाऊण मिलिबारच्या आत येतो. १० चीच टाकली.

सांधे एकूण चार: रेग्युलेटरनंतर, कप्प्याच्या भिंतीवर, बंद करायच्या कॉकपाशी, गिझरपाशी. फळ्यांमागे लपलेला एकही सांधा नाही. दर अर्ध्या मीटरला रबर लावलेली क्लिप, पत्र्यातून जाताना ग्रोमेट (रबरी कडं), आणि केबलबरोबर एकाच क्लिपमध्ये बांधणी कुठेही नाही. व्हॅनमध्ये तांबं तुटतं ते दाबाने नव्हे, कंपनाने: आधार नसलेला तुकडा हेलकावत राहतो आणि फेरूलच्या (सांध्यात नळीवर आवळून बसणाऱ्या कड्याच्या) कडेला चीर जाते.

गिझरची जागा आणि भोक

धुराची नळी सरकत्या दाराच्या विरुद्ध बाजूला काढली. तिचं तोंड इंधनाच्या झाकणापासून निदान ५०० मिलिमीटर, तर खिडकीपासून आणि हवेच्या जाळीपासून निदान ३०० मिलिमीटर लांब ठेवायचं होतं. भोक पाडण्याआधी आतलं अस्तर उतरवून पत्र्याच्या बरगड्या पाहिल्या, त्यांना हात लावायचा नाही. आतून ४ मिलिमीटरचं मार्गदर्शक भोक, मग बाहेरून होल-सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत. कडेची धार घासून त्यावर प्रायमर आणि रंगाचे दोन हात. कापलेला पत्रा तसाच सोडला तर पहिल्या पावसाळ्यातच गंज सीलच्या खाली शिरतो आणि सील उचलतो. नळीला बाहेरच्या दिशेने पुस्तिकेत दिला तेवढा उतार, म्हणजे साचलेलं पाणी ज्वलनकक्षात परत येत नाही.

गिझरमागे १२ मिलिमीटरचा प्लाय, तो पत्र्याला न धरता बरगड्यांना बोल्ट केलेला.

पाणी

मूळ तक्रार इथली होती. आंघोळीच्या शॉवरला अंगठ्याने दाबायची झडप असते. कुत्र्याच्या तोंडाजवळ गेलं की हात झडप अर्धी दाबतो, प्रवाह अडीच लिटरच्या खाली जातो, गिझरचा प्रवाह-सेन्सर ज्योत विझवतो. झडप मोकळी झाली की आधी गार पाण्याचा घोट, मग पेटलेल्या गिझरचं कढत पाणी. शिवाय १२ व्होल्टचा डायाफ्राम पंप धडधडत पाणी देतो, त्या धडधडीने ज्योत वरखाली होते. गिझर बदलून यातलं काहीच सुटलं नसतं.

क्रम असा लावला: टाकी, गाळणी, पंप, पाण्याचा दाब एकसारखा ठेवणारा १ लिटरचा अ‍ॅक्युम्युलेटर, एकदिशा व्हॉल्व्ह, गिझर, दाब सोडणारा व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅटिक मिश्रण-व्हॉल्व्ह (गरम-गार पाणी मिसळून तापमान कायम ठेवणारा), शॉवर. पंप १.७ बारला सुरू होतो, म्हणून अ‍ॅक्युम्युलेटरमधली हवा १.५ बारवर भरली. ती पंपाच्या सुरू होण्याच्या दाबापेक्षा जास्त भरली तर भांडं कोरडंच राहतं आणि काही उपयोग होत नाही. अंगठ्याची झडप काढून उघड-बंद एवढंच करणारा शॉवर दिला, म्हणजे वाहील तेव्हा चार-पाच लिटरनेच वाहील. मिश्रण-व्हॉल्व्ह ३८ अंशांवर लॉक केला. ६० अंशांचं पाणी माणसाच्या कातडीलाही पाचेक सेकंदांत भाजतं, आणि टबात बांधलेल्या कुत्र्याला बाजूला होता येत नाही. सगळ्यात खालच्या बिंदूला निचऱ्याचा कॉक, गोठवणाऱ्या रात्री गिझर रिकामा करण्यासाठी.

विजेचं काम थोडकं: बॅटरीजवळ पुस्तिकेप्रमाणे फ्यूज, आणि इंजिन सुरू झालं की गिझर आपोआप बंद करणारा रिले. पेट्रोल पंपावर ज्योत पेटलेली नको.

चाचणी, आणि तिच्यात सापडलेलं

रेग्युलेटर सोडवून, गिझरचा कॉक बंद करून नळीत १५० मिलिबार हवा भरली. पाच मिनिटं तापमान स्थिरावायला दिली, पुढच्या पाच मिनिटांत काटा हलायला नको होता. तो ४ मिलिबार उतरला. साबणाच्या पाण्याने भिंतीवरच्या सांध्याला बारीक फेस धरला. नट आणखी आवळला असता तर फेस कदाचित थांबला असता, पण कारण वेगळं होतं: नळीचं वळण फेरूलला अगदी खेटून सुरू होत होतं, त्यामुळे फेरूल तिरकी बसली होती. तो तुकडा कापून टाकला, सांध्याआधी ५० मिलिमीटर सरळ नळी ठेवून नवा केला. दुसऱ्या वेळी काटा जागचा हलला नाही. त्यानंतर रेग्युलेटर जोडून त्याच्या बाजूचे सांधे गॅसच्या दाबाखाली पुन्हा साबणाने पाहिले, आणि गिझर पूर्ण भाराने चालवत त्याच्या तोंडाशी दाब मोजला.

मग दारं बंद करून पंखा पूर्ण वेगाने, ब्लोअर चालू, गिझर चालू, आणि आत वायू-विश्लेषक. रूम-सील्ड गिझर असूनही दहा मिनिटांत आतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू चढू लागला. धूर-कांडी धरून पाहिल्यावर वाट सापडली. जुन्या दोन जाळ्यांपैकी एक धुराच्या तोंडाच्या बरोबर वर होती. अंतर ३०० पेक्षा जास्त होतं, पण पंखा त्या जाळीतून जोराने हवा ओढत होता आणि गरम धूर पत्र्याला चाटत वर जाऊन पुन्हा आत येत होता. किमान अंतराचा नियम पंख्याचा विचार करून लिहिलेला नसतो. ती जाळी बुजवली आणि दुप्पट मोकळ्या जागेची नवी जाळी विरुद्ध बाजूला काढली. पुन्हा तीच चाचणी, दारांच्या आणि पंख्याच्या सगळ्या जोड्यांनी, आणि आकडा बाहेरच्या हवेइतकाच राहिला.

अलार्म दोन. गॅसगळतीचा जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या आत, टबाखाली पाणी उडणार नाही अशा कोपऱ्यात. मोनॉक्साइडचा श्वासाच्या उंचीला, गिझरपासून मीटरभर लांब, ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाच्या वाहनांसाठीच्या दुसऱ्या भागाप्रमाणे बनवलेला. हा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. म्हणजे तो गप्प आहे याचा अर्थ हवा शुद्ध आहे असा होत नाही. डोकं दुखलं तर अलार्मची वाट न बघता खाली उतरायचं.

सोपवताना

गाडी हलताना सिलिंडर बंद. रबरी नळी तिच्यावरची तारीख संपली की बदलायची, दिसायला चांगली असली तरी. वर्षातून एकदा गिझर उघडून तपासणी, धुराच्या तोंडात कोळ्याचं जाळं आहे का ते दर महिन्याला. खालच्या भोकांच्या जाळीवरचा चिखल धुण्याच्या दिवशी ब्रशने काढायचा.

कप्प्याच्या दारावर बाहेरून एक पत्रक चिकटवलं, कारण गॅसचा अलार्म वाजल्यावर माणूस सवयीने पहिलं काम करतो ते छतातला पंखा लावण्याचं, आणि त्याच्या मोटारीची ठिणगी पुरेशी असते. पत्रकावर म्हणून एवढंच: कुठलाही स्विच लावू नका, बंदही करू नका. कुत्र्याला घेऊन उतरा. दोन्ही दारं सताड उघडी ठेवा. सिलिंडर बाहेरून बंद करा. गॅस जमिनीवरून वाहत बाहेर जाईल, त्याला वेळ द्या. मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर पंखा लावला तरी चालेल, पण लावायला आत थांबू नका.